तुमचे गाव कोणते?

जुलैच्या अखेरीची गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तर ओट्यावर आमची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांसोबत बसलेली. दहावीपर्यंत आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकली, पुढे अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून केली आणि आता पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला तिचा नंबर लागला होता. अल्हम्दुलिल्लाह! घरातून शिकायला एवढ्या दूर जाणारी ती पहिलीच मुलगी. फीसाठी अम्मीने बीसी उचलली, अब्बांनी दुकानमालकाकडून उचल घेतली आणि दादीने कोणाला न सांगता जपून ठेवलेले पैसे उशीखालून काढून दिले.

मुलीच्या हातात वहीचे फाडलेले एक पान होते.

“सर, एवढं तपासून द्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून परिचय द्यायला लावतात म्हणे. दोन मिनिटं बोलावं लागतं.”

पानावर चार वाक्ये होती. पहिल्यात तिचे नाव. दुसऱ्यात, ‘मी अमरावती जिल्ह्यातून आले आहे.’ तिसऱ्यात, ‘माझे वडील बिझनेस करतात.’ चौथ्यात, ‘मला वाचनाची व प्रवासाची आवड आहे.’ शुद्धलेखनाची चूक म्हणाल तर एकच होती, ‘परिचय’ या शब्दातली रि तिने दीर्घ लिहिली होती. वाचनाचे खरे होते. प्रवास म्हणाल तर अमरावतीच्या पुढे ती आयुष्यात एकदाच गेली होती, अकोल्याला, मामूच्या लग्नात.

अब्बा शेजारीच बसले होते. ते एका फर्निचरच्या दुकानात सुतारकाम करतात. त्यांना मराठी छान बोलता येते, वाचता फारसे येत नाही. आम्ही तो कागद मोठ्याने वाचला नाही.

“बेटा, यात परतवाडा कुठे आहे?” आम्ही विचारले.

“सर, परतवाडा तिकडे कोणाला माहीत आहे? माझी खालाजाद बहीण गेल्या वर्षी गेली, तिला वर्गात विचारलं, परत वाडा म्हणजे काय, परत जायचं का? सगळे हसले.” मग थोडे थांबून ती हळूच म्हणाली, “आणि सर, नाव सांगितलं की म्हणतात, तुझं मराठी किती छान आहे गं!”

“मग त्यात वाईट काय?”

“वाईट काही नाही. पण तसं दुसऱ्या कोणाला म्हणत नाहीत.”

वीस वर्षे आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो आहोत. तिच्या या वाक्यावर आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “हा कागद राहू दे माझ्याकडे. रविवारी सकाळी नऊला तयार राहा. दादीलाही घे आणि धाकट्यालाही. आपण गाव पाहायला जाऊ.”

“कोणतं गाव, सर?”

“आपलंच.”

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी परतवाडा पाहिला असेल, पण बहुधा गाडीच्या काचेतून. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाताना सुमारे 50 किलोमीटरवर आमचे गाव लागते. तिथून घाट चढायला लागायचे, की आणखी 30 किलोमीटरच्या आसपास चिखलदरा. पावसाळ्यातल्या रविवारी नागपूर, अकोला, अमरावतीच्या गाड्यांची रांग लागते. लोक पेट्रोल भरतात, चहा पितात, भाजलेले कणीस घेतात आणि सातपुड्यात लागलेल्या ढगांकडे बोट दाखवत निघून जातात. धारणी, सेमाडोह, मेळघाटचा वाघ, बैतूल, सगळीकडे जाण्याचा रस्ता आमच्या गावातून जातो. त्यामुळे परतवाडा म्हणजे वळण्याचे ठिकाण, थांबण्याचे नव्हे, असे बाहेरच्यांना वाटते. दुःख याचे, की गावातल्या मुलांनाही आता तसेच वाटू लागले आहे.

रविवारी ऑटो ठरवला. ऑटोवाले काका आमच्याच आळीतले. मुलगी पुण्याला निघाली हे कळल्यावर म्हणाले, “पुण्याले जाऊन राह्यली? बाप्पा! मंग आमाले विसरशीन!” दादी मागच्या सीटवर पानाचा डबा घेऊन बसली, धाकटा पुढे. पहिला मुक्काम मुलीच्या अब्बांचे दुकान. रविवार असला तरी एका लग्नघरच्या पलंगाची ऑर्डर होती, म्हणून ते कामावर होते.

परतवाड्याची एक ओळख लाकूड ही आहे. मेळघाटच्या जंगलातला साग वनखात्याच्या आगारात येतो. तिथे नंबर टाकलेल्या ओंडक्यांचे थप्पे लागतात आणि लिलाव होतो. दूरदूरचे व्यापारी येतात. मग आरा मशीन, मग फर्निचरची दुकाने. विदर्भात कितीतरी घरांची दारे, चौकटी, दिवाण आमच्या गावच्या हातांनी घडवलेले आहेत. घरमालकाला ते ठाऊकही नसते.

अब्बा रंधा मारत होते. पायाशी भुशाचा आणि ढलप्यांचा ढीग, सागाचा तो उग्र, तेलकट वास. आम्ही म्हणालो, “जरा मुलांना सांगा, लाकूड कसं ओळखता?” ते लाजले. त्यांना वाटले सर गंमत करताहेत. मग एक तुकडा उचलून त्यांनी त्याचे कापलेले तोंड दाखवले. “या रेघा पाहा. जिथं रेघा जवळ जवळ, तिथं झाड सावकाश वाढलं. लाकूड कापल्याबरोबर वापरायचं नसतं, आधी सुकू द्यायचं. ओलं लाकूड लावलं तर पावसाळ्यात दार फुगतं आणि गिऱ्हाईक शिव्या देतं.”

मुलीने तो तुकडा हातात घेतला. “अब्बा, या वार्षिक वलयं आहेत. वर्षाला एक. मोजलं तर झाडाचं वय कळतं. आम्हाला बारावीला होतं हे.”

अब्बा म्हणाले, “वय आम्हीही मोजतो बेटा. त्याला वलय म्हणतात ते माहीत नव्हतं.”

धाकट्याने लगेच वलये मोजायला घेतली. चाळिसाच्या पुढे त्याचा हिशेब चुकला. मुलगी त्या तुकड्याकडे पाहत राहिली. आम्ही काहीच बोललो नाही, पण खिशातल्या त्या कागदावरचा ‘बिझनेस’ हा शब्द आम्हाला टोचत होता. तो तिच्यामुळे नव्हे, आमच्यामुळे टोचत होता.

दुकानासमोरच्या टपरीवर चहा घेताना आम्ही तिला आमची गोष्ट सांगितली. आजवर ती आम्ही कोणत्याच विद्यार्थ्याला सांगितली नव्हती. आमचे अब्बा लाकडाच्या ट्रकवर हमाली करत. खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून ओंडके उचलायचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही बीएडला अमरावतीला गेलो. पहिल्या दिवशी परिचय झाला तेव्हा आम्ही उभे राहून सांगितले, “वडील लाकडाच्या व्यवसायात आहेत.” वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी ते खोटे होते. यवतमाळचा एक वर्गमित्र जिवाभावाचा झाला. त्याला चिखलदरा पाहायचा होता. “तुझ्याच घरी उतरू, तुझ्या वडिलांची वखार पाहू,” असे तो म्हणायचा. आम्ही आज पाहुणे आहेत, उद्या परीक्षा आहे, असे करत वर्ष काढले. इकडे आम्ही अब्बांना त्या मित्राबद्दल सांगितलेले होते. ते सुटीत घरी आलो की विचारायचे, “तुझा तो यवतमाळचा दोस्त कधी येणार? कोंबडा पाळून ठेवलाय त्याच्यासाठी.” मित्र कधी आला नाही. पुढे अब्बाही राहिले नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. आम्ही मास्तर झालो तो त्याच खांद्याच्या जोरावर आणि त्याच खांद्याचे नाव आम्हाला भर वर्गात घेता आले नाही.

मुलीने विचारले, “त्यांना कळलं होतं का, सर?”

“माहीत नाही बेटा. तेच तर.”

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. दादी मात्र ऑटोतून हाका मारू लागली, ऊन चढायच्या आत दर्ग्यावर पोहोचायचे होते.

परतवाडा आणि अचलपूर ही जुळी गावे. मध्ये तीन-चार किलोमीटरचे अंतर, तेही आता घरांनी भरत आले आहे. नगरपरिषद दोघांची मिळून एकच. जुने लोक अजूनही अचलपूरला ‘सिटी’ आणि परतवाड्याला ‘कॅम्प’ म्हणतात. हा कॅम्प शब्द कुठून आला, हे धाकट्याने विचारले तेव्हा आम्हाला सातपुड्याकडे बोट दाखवावे लागले. वर चिखलदऱ्याजवळ गाविलगड किल्ला आहे. बहमनी सुलतान अहमदशहाने 1425 मध्ये तो बांधला. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वऱ्हाड निजामाकडे गेले. निजामाच्या नावाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती, तिची छावणी इथे पडली. छावणी म्हणजे कॅम्प. त्याच फौजेच्या खर्चासाठी 1853 मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. फौज गेली, शब्द राहिला.

“म्हणजे आपण सगळे छावणीतले?” धाकटा खूश झाला.

सिटीत शिरताना जुन्या वेशी लागतात. त्यातला दुल्हा दरवाजा सगळ्यांच्या ओळखीचा. त्या कमानीखालून भाजीची गाडी, शाळेची मुले, मयत, वरात सगळेच जाते. इथे थांबून आम्ही मुलीला थोडा इतिहास सांगितला, तास होऊ न देता. हे गाव एकेकाळी वऱ्हाडची राजधानी होते. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तेव्हा त्याच्या वाटेत हे एलिचपूर होते. 1490 मध्ये बहमनी राज्य फुटले तेव्हा इथे इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्लाह इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू मुलगा. युद्धात पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा सुलतान झाला. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य गिळले. मग मोगल, मग निजाम, मग नवाब. इंग्रजी अमलात एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो अमरावतीत विलीन झाला.

“म्हणजे सर, मी जे लिहिलं, अमरावती जिल्ह्यातून आले...”

“ते बरोबरच आहे. फक्त अमरावतीवाल्यांना सांग, की आमचाही जिल्हा होता.”

ती पहिल्यांदा हसली.

अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त या शहराची नोंद केली आहे. मोठे शहर, सुभ्याची राजधानी, असे तो लिहितो आणि पुढे एका फुलाची आठवण काढतो. जमिनीलगत उमलणारे, अतिशय सुगंधी असे ते फूल. नाव चाफ्याचे, पण झाडावर न फुलता भुईवर फुलणारे. बादशहाच्या दरबारातल्या माणसाला इथल्या फौजफाट्याबरोबर हे इवलेसे फूलही लिहून ठेवावेसे वाटले, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

पण त्या दिवशी मुलीला आम्हाला खरे जे सांगायचे होते ते वेगळेच होते. “तुझं मराठी छान आहे, असं कोणी म्हटलं की काय म्हणशील?”

“थँक यू म्हणेन.”

“जरूर म्हण. माणूस प्रेमाने बोलला तर शुक्रिया म्हणावंच. पण मनात हे ठेव. मराठीतलं पहिलं मोठं गद्य पुस्तक म्हणजे ‘लीळाचरित्र’. म्हाइंभटांनी ते तेराव्या शतकात लिहिलं, आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला. आज तिथेच मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. त्या पुस्तकात चक्रधरस्वामी ज्या गावांमधून फिरले त्यात आपलं गाव आहे, ‘अळजपूर’ या नावाने. मराठी लिहायला शिकत होती तेव्हापासून तिला आपलं गाव माहीत आहे. ती तुझ्याकडे पाहुणी आलेली नाही आणि तू तिच्याकडे पाहुणी नाहीस.”

मग खिशातला तिचा कागद काढून आम्ही विचारले, “यातला एक शब्द सांग, जो उर्दूत जसाच्या तसा आहे.”

तिने पाहिले. “जिल्हा. उर्दूत जिला.”

“आणि हे ज्यावर लिहिलंस ते?”

“कागद!”

“ज्याने लिहिलंस ती शाई?”

“स्याही... अरे!” मग त्या दोघा भावंडांचा खेळच सुरू झाला. तालुका, तारीख, हजेरी, इमारत, दरवाजा, वकील. धाकटा ऑटोतून दिसेल त्या पाटीवरचा शब्द ओरडू लागला. ऑटोवाले काका म्हणाले, “सर, तुमी तं पोट्ट्याईले कामाले लावलं!” दादीला हे सगळे फार विशेष वाटले नाही. ती म्हणाली, “हम तो ऐसाच बोलते शुरू से.” खरे आहे. आमच्या घरातली बोली वऱ्हाडी मराठीत आणि दखनी उर्दूत एकाच वेळी पाय टाकून चालते. तिला हद्द कुठे आहे ते माहीत नाही.

दुल्हा दरवाज्याजवळ उभे असताना मुलीने एक अवघड प्रश्न विचारला. “सर, कोणी मोबाइलवर आपलं गाव शोधलं तर? तिथे तणावाच्या बातम्या निघतात.”

हे नाकारण्यात अर्थ नव्हता. गावात कधी कधी वातावरण बिघडते आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांत आमचे नाव बहुधा तेव्हाच येते. आम्ही तिला एवढेच म्हणालो, की विचारले तर लपवू नकोस. जे झाले ते झाले. पण त्यानंतर दुसऱ्या दिवशी कोणी दुकान उघडले, कोणी कोणाच्या घरी दूध पोहोचवले, याची बातमी होत नाही. ती सांगायला गावचा माणूसच लागतो. तुझ्या अब्बांनी घडवलेली देव्हाऱ्याची दारे कोणाकोणाच्या घरी आहेत, ते तू सांगू शकतेस. बातमी सांगू शकत नाही.

दर्गा बिच्छन नदीच्या काठी आहे. शाह दुल्हा रहमान गाझी यांची ही मजार. लग्नाच्या पोशाखातच ते लढायला निघाले आणि शहीद झाले, म्हणून त्यांना दुल्हा म्हणतात, अशी गावाची श्रद्धा. इथे फक्त मुसलमानच येतात असे नाही. सगळ्या जातिधर्माची माणसे येतात. दादीने फातेहा पढली आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ पुटपुटत राहिली. नदीला पावसाचे गढूळ पाणी होते. मुलगी पायऱ्यांवर बसून ते पाहत होती. तिच्या मनात काय चालले होते ते आम्ही विचारले नाही.

तिथून गावाबाहेर हौज कटोरा पाहिला. तलावाच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी जुनी इमारत. धाकट्याला ती सर्वांत जास्त आवडली. परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. आंबिया बहाराची फळे अजून हिरवीगार, लिंबाएवढी. दिवाळीच्या आगेमागे हीच फळे पिवळी होऊन मंडीत येतील आणि ट्रकमधून दिल्ली, कोलकाता, पार बांगलादेशापर्यंत जातील. गंमत म्हणजे पाटी मात्र नागपुरी संत्र्याची असते. “यांचंही माझ्यासारखंच आहे,” मुलगी म्हणाली. “गाव सांगत नाहीत.”

शेवटी अचलपूरचे रेल्वे स्टेशन. इथून मूर्तिजापूरला शकुंतला जायची. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा अरुंद रूळ टाकला. तो अडीच फूट रुंदीचा, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मिळून 190 किलोमीटरच्या घरातला. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ती ओढत होते. देशाच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ही लाइन मात्र खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी इतकी सावकाश चालायची, की चालत्या गाडीतून उतरून माणूस पुन्हा चढे. दादी नवरी होऊन याच गाडीने या गावात आली. आज गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे. ब्रॉडगेजची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे.

दादी ऑटोतून उतरली नाही. तिथूनच स्टेशनकडे पाहत म्हणाली, “मैं पंधरा साल की थी. बहोत रोई थी गाडी में. सोची थी ये कौनसा गाँव है, नाम भी कैसा.” मग नातीकडे वळून म्हणाली, “गाँव का नामच परतवाडा है बेटा. जाना कहीं भी, परत आना.”

नावाची ही व्युत्पत्ती कोणत्याही ग्रंथात सापडायची नाही. आम्ही मराठीचे शिक्षक असूनही ती दुरुस्त केली नाही.

संध्याकाळी तिचा तो कागद आम्ही तिला परत दिला, काहीही न खोडता. म्हणालो, फक्त ‘परिचय’मधली रि ऱ्हस्व कर. बाकी तुला वाटेल ते.

बुधवारी आम्ही आणि तिचे अब्बा तिला सोडायला एसटीने अमरावतीला निघालो. पुढे रेल्वेने खालाजाद बहिणीसोबत पुण्याला. वाटेत वलगाव लागते. तिथे पेढी नदीच्या पुलाजवळ 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असे सांगत हा माणूस आयुष्यभर झाडू घेऊन फिरला. जन्म शेंडगावचा, म्हणजे आमच्याच भागातला. अमरावती विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. बस पुलावरून गेली तेव्हा आम्ही अब्बांना ते सांगितले. ते खिडकीतून पाहत म्हणाले, “हमने तो ताट नहीं बेचा, सर. बीसी उठाई.” आणि हसले. मुलगी हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. आम्ही वर्गावरून नुकतेच आलो होतो.

“सर, झालं परिचयाचं.”

“काय सांगितलंस?”

तिने सांगितले ते असे. “मी परतवाड्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वाघ पाहायला तुम्ही आमच्याच गावातून जाता. माझे अब्बा सुतार आहेत, सागवानाचं काम करतात. लाकडाच्या रेघा पाहून झाडाचं वय सांगतात. मला वनस्पतिशास्त्र घ्यायचं आहे. माझी उर्दू शाळा होती, घरी आम्ही दखनी आणि वऱ्हाडी बोलतो आणि मराठीत आमच्या गावाचं नाव साडेसातशे वर्षांपासून आहे.” दोन मिनिटे पुरी झाली नव्हती, तरी मॅडमनी पुढच्या मुलाला उभे केले. साठ-सत्तर मुले होती, वेळ कमी. एकाने मागून विचारले, घरात वाघ येतो का? सगळे हसले, तीही हसली. ‘मराठी किती छान’ हे वाक्य डबा खाताना एकीने म्हटलेच. तिने शुक्रिया मानला आणि म्हणाली, तुझंही छान आहे.

“बस, एवढंच?” आम्ही विचारले.

“नाही सर. तास संपल्यावर एक मुलगी जवळ आली. परिचयात ती अमरावती म्हणाली होती. मला हळूच म्हणाली, मी धारणीकडची आहे, कोरकू. तू परतवाडा म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात कसंसंच झालं. आमच्या घरची मंडळी बाजाराला तुमच्याकडेच येतात.”

“मग?”

“मग काय, आता एकत्रच बसतो. ती मला कोरकू शिकवणार आहे. सर, कोरकू मराठीसारखी मुळीच नाही, वेगळ्याच कुळातली आहे. तुम्हाला येते का?”

इतकी वर्षे मेळघाटच्या दाराशी राहून आम्हाला कोरकूतले एक वाक्य येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी एका विद्यार्थिनीला कबूल करावे लागले. आमच्या बाजारात ती माणसे दर आठवड्याला येतात, आम्ही त्यांच्याशी भाव करतो. तुमचे गाव कोणते, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत ती मैत्रिणीला घेऊन येणार आहे, इन्शाअल्लाह. अब्बांनी एक कोंबडा आणून ठेवला आहे. आम्ही त्यांना आमच्या मित्राची गोष्ट कधी सांगितली नव्हती. मुलीने सांगितली असावी. यवतमाळच्या त्या मित्राचा नंबर आम्ही एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला आहे. हा लेख छापून येण्याआधी त्याला फोन करायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यालाही चिखलदरा अजून पाहायचा असेल, तर उतरायला आमचे घर आहे.